स्विचमधील बदल व त्यांचे जतन

(संस्थेच्या शाळांतील संगणक कक्ष सांभाळणाऱ्या शिक्षकांच्या एकदिवसीय शिबिरात केलेले भाषण)



या शिबिरात बोलावे असे चिटणीस साहेबांनी सुचविले तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी बी. ए., बी. एड. झालेला माणूस. माझे विषय मराठी व इतिहास. संगणक कक्षाची किल्ली माझ्या खिशात आली ती माझ्या अंगच्या कोणत्याही गुणामुळे नव्हे. शिक्षकांत मी वयाने लहान होतो आणि मला 'नाही' म्हणता आले नाही, एवढेच त्याचे कारण. पण चिटणीस साहेब म्हणाले, "तुम्हाला काय येते ते सांगू नका, तुमचे काय चुकले ते सांगा." तसे असेल तर माझ्याजवळ मजकूर भरपूर आहे.

आपल्यापैकी बहुतेकांच्या शाळेत पाच किंवा आठ भोकांची एक लहानशी पेटी असते. तिला वायरी जोडल्या की संगणक एकमेकांशी बोलू लागतात. या साध्या स्विचमध्ये आपण काही ठरवून देत नाही, म्हणून त्यात जतन करावयाचेही काही नसते. ज्यांच्याकडे तेवढाच स्विच आहे त्यांनी माझे भाषण करमणूक म्हणून ऐकावे. परंतु आता माजी विद्यार्थ्यांच्या कृपेने मोठ्या कचेऱ्यांतून काढलेले चांगले स्विच शाळांकडे येऊ लागले आहेत. त्यांना मॅनेज्ड स्विच म्हणतात. कोणत्या भोकाने कोणाशी बोलावे, कोणाशी बोलू नये, हे त्यांना आज्ञा देऊन सांगता येते. माझे भाषण त्यांच्याविषयी आहे.

जाता जाता एक गोष्ट सांगतो, कारण ती इतिहासाच्या शिक्षकाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. इथरनेट ही पद्धत १९७३ साली अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ व डेव्हिड बॉग्ज यांनी उभी केली. पण अनेक भोकांचा इथरनेट स्विच बाजारात आला तो १९९० च्या सुमारास, आणि तो आणणाऱ्या कंपनीचे नाव होते 'कल्पना'! विनोद भारद्वाज हे तिच्या दोन संस्थापकांपैकी एक. त्यांनी पत्नीचे नाव कंपनीला दिले होते. १९९४ साली सिस्को कंपनीने ती विकत घेतली. वर्गात हे सांगितले की मुले एकदम सावरून बसतात.

आता माझी चूक.

२०२२ साली आमच्या शाळेला एका माजी विद्यार्थ्याने चोवीस पोर्टांचा स्विच दिला. सिस्को कंपनीचा, कॅटॅलिस्ट २९६० या जातीचा. शाळेत इंटरनेटच्या दोन जोडण्या होत्या, एक कार्यालयाची व एक संगणक कक्षाची. दोहोंचे राउटर कार्यालयातल्या एकाच कपाटात ठेवलेले. पूर्वी प्रत्येकाला वेगळी लहान पेटी होती. मी विचार केला, एवढा मोठा स्विच आला आहे तर दोन्ही कामे यालाच द्यावीत. मात्र कार्यालयाच्या संगणकात गुणपत्रके, फीचे हिशेब, मुलांचे जन्मदिनांक. तिकडे मुलांचा हात पोहोचता कामा नये. यासाठी व्हीलॅन नावाची सोय असते. जुन्या शाळांत एका मोठ्या दालनात मध्ये लाकडी पार्टिशन टाकून दोन वर्ग भरवीत, तसेच हे पार्टिशन. फरक एवढाच की हे डोळ्यांना दिसत नाही.

कुवेतला नेटवर्कचे काम करणारा माझा एक वर्गमित्र आहे. एका शनिवारी दुपारी त्याला फोन लावून, तो सांगेल तशा आज्ञा मी टाइप केल्या. पहिली आठ भोके कार्यालयाची, त्यांना व्हीलॅन १०. उरलेली सोळा संगणक कक्षाची, त्यांना व्हीलॅन २०. सगळे ताबडतोब चालू झाले. तेवढ्यात मित्राला कामावरून हाक आली व त्याने फोन ठेवला. मीही लॅपटॉप मिटला, चहा प्यालो आणि घरी गेलो. पुढचे अकरा दिवस काही बिघडले नाही. अधूनमधून वीज जाई, पण कपाटाला इन्व्हर्टर होता. मी स्टाफरूममध्ये थोडा मिरवलोही.

बाराव्या दिवशी संध्याकाळी परतीचा पाऊस आला. कोकणात ऑक्टोबरमधला पाऊस कसा येतो हे आपणांस सांगावयास नको. पाणी थोडे, विजाच फार. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत पाऊल टाकतो तो कार्यालयात गोंधळ. दहावीची आवेदनपत्रे ऑनलाइन भरण्याचे काम चालू होते आणि मुख्याध्यापकांनी ते दिवाळीच्या सुट्टीपूर्वी संपवावयाचे ठरविले होते. एका संगणकावर इंटरनेट चालते, शेजारच्यावर चालत नाही. पाच मिनिटांनी उलट होते. लिपिक बाई रडकुंडीला आलेल्या. अर्धा अर्ज भरून होतो आणि पान गळपटते. तेवढ्यात नववीतला एक मुलगा संगणक कक्षातून धावत आला आणि मोठ्या आनंदाने म्हणाला, "सर, आमच्या कॉम्प्युटरवर ऑफिसचा प्रिंटर दिसतोय! आणि एक फोल्डर पण आहे, 'घटक चाचणी' नावाचा."

माझ्या पोटात गोळा आला. मी आधी कक्षातले सगळे संगणक बंद करावयास लावले आणि मग विचारले, "कपाटाला हात कोणी लावला?"

आमचे शिपाई चाचा पुढे आले. निवृत्तीला दोन वर्षे उरलेली. ते म्हणाले, "सर, काल विजा फार कडाडत होत्या, म्हणून मी कपाटातले सगळे प्लग काढून ठेवले. सकाळी परत लावले."

मित्रहो, मी त्यांना चारचौघांत बोललो. लिपिक बाई होत्या, मुले होती, दोन पालक होते. "तुम्हाला कळत नाही तिथे हात घालू नका," असे म्हणालो. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस मान खाली घालून ऐकत उभा राहिला.

मग कुवेतला फोन. मित्राने काहीही विचारण्यापूर्वी स्विचचे घड्याळ पाहावयास सांगितले. मी 'शो क्लॉक' ही आज्ञा दिली. पडद्यावर तारीख आली १ मार्च १९९३, वेळ रात्री दोनच्या पुढे काही मिनिटे. मी म्हटले, "अरे, हा खुळावलाय." तो म्हणाला, "खुळावला नाही. वीज गेली की त्याचं घड्याळ १ मार्च १९९३ च्या मध्यरात्रीपासून सुरू होतं. म्हणजे चालू होऊन त्याला दोन तास झाले." बरोबर होते, चाचांनी सकाळी आठला प्लग लावले होते व तेव्हा दहा वाजून गेले होते. मग त्याने विचारले, "त्या शनिवारी शेवटी सेव्ह केलं होतंस का?"

मी गप्प.

"व्हीलॅन बघ," तो म्हणाला. पाहतो तो व्हीलॅन १० आणि व्हीलॅन २० ही दोन्ही नावे जागच्या जागी, पण त्यांच्यापुढे एकही भोक नाही. चोवीसच्या चोवीस भोके मूळच्या व्हीलॅन १ मध्ये जाऊन बसलेली. वर्गांच्या पाट्या शाबूत आणि पार्टिशन गायब! त्यामुळे दोन राउटर एकाच दालनात आले. दोघांचाही पत्ता कारखान्यातून आलेला, १९२.१६८.१.१. एका गल्लीत एकाच नंबरची दोन घरे असली तर पोस्टमनाचे जे होईल ते आमच्या संगणकांचे झाले. कोणाची पत्रे या घरी, कोणाची त्या घरी.

हे असे अर्धवट का आठवले, ते समजून घेण्यासारखे आहे. या स्विचमध्ये स्मृती एकच नसते. आपण जी आज्ञा टाइप करतो ती चालू स्मृतीत, म्हणजे रॅममध्ये, जाते. तिथल्या यादीला रनिंग-कॉन्फिग म्हणतात. स्विच त्या यादीप्रमाणे तत्क्षणी वागू लागतो आणि म्हणूनच आपण फसतो. काम झालेले दिसते, दिवे लुकलुकतात, मग आणखी काय हवे? पण रॅममध्ये प्रत्येक खूण म्हणजे सूक्ष्म विजेचा एक भार असतो. तो सतत गळतो, म्हणून सेकंदाच्या लहानशा अंशात पुन्हा पुन्हा भरावा लागतो. वीज गेली की भरणारा कोणी उरत नाही आणि सारे पुसले जाते.

दुसरी यादी स्टार्टअप-कॉन्फिग. ती वीज गेल्यावरही टिकणाऱ्या स्मृतीत असते. आमच्या जातीच्या स्विचमध्ये त्यासाठी फ्लॅश स्मृतीतली केवळ ६४ किलोबाइटांची जागा राखून ठेवलेली आहे. (फ्लॅश म्हणजे आपल्या पेनड्राइव्हमध्ये असते तीच, १९८० च्या दशकात जपानमध्ये तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी शोधलेली.) स्विच चालू होताना ही दुसरी यादी वाचतो आणि तिच्यावरून पहिली तयार करतो. पहिलीतले बदल दुसरीत आपण स्वतः उतरविले नसतील, तर ते त्याच्या लेखी कधी झालेच नव्हते.

आणि व्हीलॅनची नावे? ती या जातीच्या स्विचमध्ये, मुळातली मांडणी बदललेली नसेल तर, फ्लॅशमध्येच पण एका वेगळ्या फायलीत आपोआप लिहिली जातात. म्हणून नावे राहिली. कोणते भोक कोणत्या व्हीलॅनचे, हे मात्र रनिंग-कॉन्फिगमध्ये होते. ते गेले. सगळेच गेले असते तर मला लवकर उमगले असते. अर्धे राहिले म्हणून मी चाचांवर घसरलो.

शिक्षकांना हा फरक कठीण वाटू नये. फळ्यावर लिहिलेली हजेरी आणि हजेरीपटात मांडलेली हजेरी यांतला फरक आपण जाणतो. शाळेचे जनरल रजिस्टर तर आपण किती जपतो! नाव किंवा जन्मतारीख बदलावयाची तर कागदपत्रे, मंजुरी, लाल शाई. फळ्यावर दुरुस्ती करून कोणी म्हणत नाही की रजिस्टर दुरुस्त झाले. स्विचच्या बाबतीत मी नेमके तेच म्हटले होते.

जतन करण्याची आज्ञा साधी आहे. 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग'. फायलीचे नाव विचारील, एंटर दाबावे, 'ओके' येईल. जुने लोक 'राइट मेमरी' लिहितात, तीही चालते. क्रम मात्र ध्यानात ठेवावा: आधी कोठून, मग कोठे. एकदा आमच्या एका सहकाऱ्याने उलटी आज्ञा दिली, स्टार्टअपवरून रनिंगवर. त्याला वाटले, निदान जुनी स्थिती तरी परत येईल. तसेही होत नाही. जुनी यादी चालू यादीत मिसळते; जिथे विरोध असेल तिथे जुने ओळीवर बसते, बाकीचे नवे तसेच राहते. ती खिचडी निवडावयास आम्हाला संध्याकाळ लागली.

इथे सकाळच्या सत्रात एका बाईंनी विचारले की, स्विच हे आपले आपण का जतन करीत नाही? मोबाइलमध्ये तर काही सेव्ह करावे लागत नाही. प्रश्न अगदी रास्त आहे, आणि मीही रागाने हेच विचारले होते.

उत्तर असे की, हा विसराळूपणा काही वेळा आपल्याला वाचवितो. समजा, मी घरून किंवा दुसऱ्या इमारतीतून स्विचला आज्ञा देत आहे आणि चुकून ज्या भोकातून मी आत आलो तेच बंद केले. माझे दार माझ्याच हाताने लागले. आता काही टाइप करता येत नाही. पण मी जतन केलेले नसेल, तर कपाटाजवळच्या माणसाला सांगावे, प्लग काढून परत लावा. स्विच जुनी यादी वाचून उठतो आणि दार उघडे! आपोआप जतन झाले असते, तर चूकही रजिस्टरात गेली असती. म्हणून घाईघाईने जतन करणे हीसुद्धा चूकच. आधी बदल करावा, प्रत्येक संगणकावर जाऊन पाहावे, आणि मग जतन करावे. माझे पहिले दोन भाग बरोबर होते, तिसऱ्याच्या वेळी चहा आला.

अनुभवी लोक याच स्वभावाचा युक्तीने उपयोग करतात. धोक्याचा बदल करण्यापूर्वी ते आधीची चांगली स्थिती जतन करतात आणि 'रिलोड इन १०' अशी आज्ञा देतात. म्हणजे दहा मिनिटांनी स्विच स्वतःहून बंद होऊन चालू होईल. मग बदल करावयाचा. दार लागले तर दहा मिनिटे गप्प बसावे, जुनी स्थिती परत येते. सर्व ठीक असेल तर 'रिलोड कॅन्सल' म्हणावे आणि मग जतन करावे. यात 'कॅन्सल' विसरणारे महाभाग असतात. दहा मिनिटांनी परीक्षा चालू असताना सगळा कक्ष अंधारात जातो. मी त्यांपैकी नाही, एवढे समाधान मला राहू द्या.

आपण आज्ञा देऊन हाच स्विच पुन्हा सुरू करू लागलो, तर तो विचारतो की, बदल झालेले आहेत, जतन करावयाचे का? सभ्य आहे. पण प्लग काढणाऱ्याला तो काही विचारू शकत नाही, आणि आपल्याकडे स्विच बंद पडतात ते बहुधा प्लगने किंवा महावितरणने.

सर्व कंपन्यांची रीत एक नसते, हेही सांगितले पाहिजे. ज्युनिपर कंपनीच्या स्विचमध्ये बदल आधी एका कच्च्या प्रतीत लिहिले जातात आणि 'कमिट' म्हटल्याशिवाय लागूच होत नाहीत. 'कमिट कन्फर्म्ड' म्हटले तर दहा मिनिटांत पुन्हा होकार न दिल्यास बदल आपोआप मागे घेतला जातो. आधीच्या एकोणपन्नास प्रतीही तिथे ठेवता येतात. मला ही रीत अधिक सुज्ञ वाटते, पण मिळालेल्या देणगीचे दात मोजू नयेत. मायक्रोटिकमध्ये उलट, बदल केला की तो लगेच टिकतो. आणि ज्या लहान स्विचना ब्राउझरमधून मांडणी करतात, त्यांतल्या पुष्कळांत दोन बटणे असतात: 'अप्लाय' व 'सेव्ह'. 'अप्लाय' दाबले की काम दिसते आणि माणूस उठतो. 'सेव्ह' कोठेतरी वरच्या कोपऱ्यात असते. नवीन स्विच हाती आला की पहिल्या दिवशीच, मुले नसताना, एक निरुपद्रवी बदल करावा, उदाहरणार्थ स्विचचे नाव बदलावे, आणि प्लग काढून पाहावे. त्याची रीत कोणती ते पुस्तकावाचून कळते.

जतन केलेली यादी स्विचच्या आत असते, आणि स्विचच जळाला तर? त्या दिवशी चाचांनी प्लग काढले नसते तर हेही घडू शकले असते. म्हणून यादीची एक प्रत बाहेर हवी. ती साधा मजकूर असते, काही पानांची. 'शो रनिंग-कॉन्फिग' म्हणावे, पडद्यावर येईल ते उचलून एका फायलीत ठेवावे, फायलीच्या नावात तारीख घालावी. व्हीलॅनची नावे वेगळी लिहून ठेवावीत, कारण ती वेगळ्या फायलीत असतात हे आपण पाहिले. मात्र ही प्रत शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकू नये. तिच्यात पासवर्ड असतात. काही उघड लिहिलेले असतात आणि काही अशा लिपीत की ती उलगडणे नववीतल्या त्या मुलालाही अवघड जाणार नाही.

आमच्या कपाटात आता सुतळीने बांधलेली एक दोनशेपानी वही लटकते. तारीख, काय बदलले, का बदलले, कोणी बदलले, आणि शेवटचा रकाना 'जतन'. त्यात वेळ लिहून सही करावयाची. पहिली नोंद त्याच दिवसाची आहे. मित्राने पुन्हा सांगितले, मी पुन्हा टाइप केले, चोवीस भोके जागेवर गेली, प्रत्येक संगणक तपासला, जतन केले. मग मित्र म्हणाला, "आता प्लग काढ." मला धीर होईना. मी चाचांना बोलावले. सगळ्यांसमोर, म्हणजे बाई व तीच मुले यांच्यासमोर (पालक गेले होते, याचे मला अजून वाईट वाटते), म्हणालो, "चाचा, चूक माझी होती. काल तुम्ही प्लग काढले म्हणून हा वाचला. आता तुमच्याच हाताने काढा."

त्यांनी प्लग काढला, दहापर्यंत मोजले आणि परत लावला. उठावयास त्याला काही मिनिटे लागतात. तेवढा वेळ कोणी बोलले नाही. दिवे हिरवे झाले, बाईंचे पान उघडले, कक्षातून मुलगा ओरडला, "सर, ऑफिसचा प्रिंटर गेला!" चाचा एवढेच म्हणाले, "सर, मला आधी विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं ना, की काल बंद होता."

घड्याळ तेव्हाही १ मार्च १९९३ वर गेले होते. ते इंटरनेटवरून आपोआप लावून घेण्याची सोय असते, ती मी पुढच्या आठवड्यात केली. वहीत दुसरी नोंद तीच आहे.

पलीकडच्या खोलीत तो स्विच मी आणून मांडला आहे. जेवणानंतर दोघादोघांनी यावे. प्रत्येकाने एका भोकाचा व्हीलॅन बदलावयाचा आहे. मग मी प्लग काढीन. कोणाचा बदल टिकला आणि कोणाचा नाही, ते तिथेच पाहू. वहीही आणली आहे.